मागची खोली रिकामी होणार नाही

३ मार्च, सोमवार
दुरुस्ती विभाग, जेवणाची सुट्टी

मुठ्या,

तुझं पाकीट मिळालं. आत वर्तमानपत्राचं कात्रण, तिकडच्या मदत समितीपुढे केलेल्या तुझ्या भाषणाची प्रत आणि 'मदत कापा' असं माझ्या तोंडी घातलेला एक छापील कागद. त्याच्या तळाशी पेन्सिलीनं फुली मारून तू लिहिलंयस, "ताई, इथे सही." चौदा महिन्यांनी पत्र पाठवलंस आणि त्यात तुझ्या हातचे शब्द हे एवढे तीन. आईची चौकशी कात्रणाच्या मागे केली असशील म्हणून तीही बाजू पाहिली. तिथे गाद्यांची जाहिरात होती.

सही करणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं पत्र तू वाट न बघता वाचशील.

कात्रणातला फोटो मी लगेच ओळखला. ओळखणारच, मीच काढलाय. दोन वर्षांपूर्वी तुला पाठवला होता आणि मागे लिहिलं होतं, "हा आमचा वृद्धाश्रम, एकदा भेटायला ये." इस्पितळाची मागची खोली, भिंतीला टेकवून ठेवलेली सतरा यंत्रं, प्रत्येकावर आता तुझ्या झालेल्या देशाचा निळा स्टिकर. बहिणीनं भावाला केलेली गंमत तू मोठी करून छापलीस आणि समितीच्या भिंतीवर टांगलीस. खाली लिहिलंयस, "आपली मदत इथे येऊन मरते."

आता त्या खोलीबद्दल माझ्याकडून ऐक, कारण बावीस वर्षं तिची किल्ली माझ्या कमरेला आहे. ती यंत्रं बंद आहेत हे खरं. पण बाळांच्या वॉर्डात आज दिवस न भरलेल्या बाळांना ऊब देणाऱ्या सहा काचेच्या पेट्या चालू आहेत आणि त्यांतली एकही त्या खोलीशिवाय चालत नाही. दोन नंबरच्या पेटीचा पंखा त्या खोलीतला, चार नंबरची चाकं तिथली, तीन नंबरची काच तिथली. नवा सुटा भाग मागवला तर यायला नऊ महिने लागतात. आमच्याकडे येणारी बाळं नऊ महिने थांबणाऱ्यांतली नसतात.

हे तुला एका फोनवर कळलं असतं. पण तू समितीतल्या तुझ्या सभासदसाहेबांचा सल्लागार झालास, तुला आता सल्ले द्यायचे असतात, विचारायचं नसतं. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर निदान उंट तरी स्वतःचा असावा.

मेच्या अखेरीस तुमची समिती मत देणार, बाहेरच्या देशांना मदत वाढवायची की कापायची. कापली तर आमच्याकडे पहिली कात्री कोणावर चालेल ते कागद न वाचता सांगते. पेट्या राहतील, कारण पेट्यांचा फोटो निघतो. जाईल तो दुरुस्ती विभाग, म्हणजे मी, माझ्या हाताखालच्या दोघी आणि सुट्या भागांचं कपाट. मग सहा महिन्यांत सगळ्या पेट्या मागच्या खोलीत येतील आणि तुझा फोटो खरा होईल.

आई बरी आहे. विचारलं नाहीस तरी सांगते.

ताई


१९ मार्च, बुधवार
तिथेच

मुठ्या,

उत्तर पंधरा दिवसांत आलं, म्हणजे नेमकं झोंबलंय. चार पानं आणि पानोपानी आकडे. लहानपणीही चूक पकडली की तू असाच पाढे म्हणायला लागायचास.

तू लिहितोस, "ताई, या मदतीला तूच तर हसायचीस." हसायचे. अजूनही हसते. एकदा तुमच्याकडून बाळांचा ताप मोजायची दोनशे यंत्रं आली, सगळी अशा बॅटरीवर चालणारी जी फक्त तुमच्याकडे मिळते. एकदा तीन तज्ज्ञ आले. आठ दिवस राहिले आणि मला हात कसे धुवायचे ते शिकवून गेले. त्या आठवड्यात आमच्या नळाला पाणी नव्हतं, पण अहवालात माझे हात स्वच्छ झाल्याची नोंद आहे. हे सगळं मी तुला लिहिलं, कारण घरी जाऊन हे ज्याला सांगावं असं दुसरं कोणी नव्हतं. तू ती पत्रं जपून ठेवलीस याचा मला आनंद व्हायचा. आता कळलं कशासाठी ठेवलीस.

तेव्हा समितीला खुशाल सांग की तिकडची मिस्त्रीबाई म्हणते ते खरं आहे. (इस्पितळात मला सगळे मिस्त्रीबाई म्हणतात, तुला माहीत नसेल.) पण पुढचंही सांग. सदऱ्याचं माप चुकलं म्हणून कोणी पोराला उघडं फिरवत नाही, परत माप घेतात. इतक्या वर्षांत तुमच्याकडून एवढी माणसं आली, एकानंही निघण्याआधी विचारलं नाही की बाई, तुम्हाला काय हवंय. मला विचारलं असतं तर यादी तळहातावर मावली असती. पेटीतलं तापमान ओळखणारे सेन्सर, अंगठ्याएवढे, बारा. बस. तू म्हणशील, धर्माच्या गाई आणि दात का गे नाहीत. हो, दात मी बघणार, कारण गाय तुम्ही देऊन जाता आणि सांभाळायची मला असते.

तुझा दुसरा मुद्दा, आधी आपल्या घरचे गरीब. त्यांना द्याच, मी कुठे आड येते? पण तू पाठवलेल्याच कागदावर लिहिलंय की तुमच्या शंभरातला एकसुद्धा पुरा बाहेर जात नाही. तेवढ्यानं तुमच्या घरच्यांचं भलं होणार असतं तर उरलेल्या नव्याण्णवांनी ते कधीच झालं असतं. दात कोरून पोट भरत नाही, मुठ्या. हे आई आपल्याला दोन खोल्यांच्या घरात शिकवायची, तुम्हाला एवढ्या मोठ्या इमारतीत कोणी शिकवलेलं दिसत नाही.

आता इकडची गंमत. तुझ्या फोटोमुळे मदत कार्यालयातल्या बाई मागच्या आठवड्यात मंगळवारी धापा टाकत आल्या. या बाई तुझ्या देशाच्या पगारावर इथे बसतात आणि आमच्याकडून आभाराची पत्रं गोळा करतात. बरोबर आमचे मोठे डॉक्टर.

"मिस्त्रीबाई, दहा एप्रिलला तिकडून लोक पाहणीला येतायत," बाई म्हणाल्या. "त्याआधी मागची खोली रिकामी करा."

"सामान कुठे ठेवू?"

"ठेवायचं कशाला? मी ट्रक पाठवते, सगळं भंगारात जाईल. खोलीला रंग मारू, चार खुर्च्या टाकू, भिंतीवर मुलांची चित्रं लावू."

"आणि तीन नंबरची पेटी बंद पडली की तिच्यात काय बसवू? चित्रं?"

मोठे डॉक्टर भले आहेत, पण त्यांना कोणाशीच वाकडं घ्यायचं नसतं. ते म्हणाले, "अहो, एका दिवसाचा प्रश्न आहे. जरा ऐकलं तर काय बिघडणार आहे?"

म्हटलं, "डॉक्टर, काय बिघडणार ते सांगण्यासाठीच तुम्ही मला ठेवलंय. यानं सहा पेट्या बिघडतील."

किल्ली कमरेला होती ती तशीच घेऊन मी घरी गेले. दुसऱ्या दिवशी ट्रक आला, तासभर उभा राहिला आणि रिकामा गेला. मला नोटीस मिळाली आहे. ती मी दुरुस्तीच्या टेबलावर काचेखाली ठेवली आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता यावी म्हणून.

तर अशी परिस्थिती आहे. तुला ती खोली दाखवायची आहे, बाईंना लपवायची आहे. चालवायची कोणालाच नाही.

तुझ्या भाषणातलं शेवटचं पान राहिलं. तुझ्या जन्माची गोष्ट. तुझ्या देशाची कोरी पेटी बंद पडून शेजारी उभी होती आणि अकरा वर्षांच्या बहिणीनं चाळीस दिवस छातीशी धरून तुला जगवलं. "माणसाला माणूस पुरतो, तिथे आपली यंत्रं कशाला?" लोकांनी डोळे पुसले, असं कात्रणात छापलंय. त्याबद्दल आज लिहीत नाही. दुपारी मला बारीक तारा जोडायच्या आहेत.

ताई


४ एप्रिल, शुक्रवार
घरी

मुठ्या,

काल रजा घेतली आणि आईला तुझं भाषण वाचून दाखवलं. सगळं. ती खिडकीपाशी माझ्या कामाच्या कोटाला बटणं लावत होती. "माणसाला माणूस पुरतो" आलं तशी तिनं सुई कापडात खोचली आणि कोट बाजूला ठेवला.

"त्याला सांग," म्हणाली.

"काय सांगू?"

"तुला माहीत आहे काय ते. बेचाळीस वर्षं झाली. मी गेल्यावर सांगणार आहेस का?"

तुझी गोष्ट तुला मीच सांगितली, शेकडो वेळा. झोपताना तू तीच मागायचास. तू कसा मुठीएवढा होतास, थोरल्या सिस्टरनी तुला माझ्या अंगाला दुपट्यानं कसं बांधलं, मी शिंकले की तू कसा दचकायचास. तू खिदळायचास. मी सांगितलं त्यात एकही शब्द खोटा नव्हता. पण गोष्ट अर्धीच सांगितली होती. ती चूक माझी आहे आणि तिचं हे असं होईल असं वाटलं नव्हतं.

तुम्ही दोघं होतात. ती आधी आली, तू वीस मिनिटांनी. दोघं दिवस भरायच्या आधी दोन महिने आलात. आई तापानं फणफणली होती, बाबा कामावर दुसऱ्या गावी. वॉर्डात मी एकटी. दोन वॉर्ड मिळून थोरल्या सिस्टर एकट्या.

पेटी समोर होती. कोरी, निळ्या स्टिकरची, आतली गादीसुद्धा प्लॅस्टिकमध्ये. बंद पडली होती हे तुझं वाक्य चुकीचं आहे. ती कधी सुरूच झाली नव्हती. तिच्या प्लगच्या पिना चपट्या होत्या आणि आमच्या भिंतीतली भोकं गोल. विजेचा दाब तोच, तारा त्याच, फक्त पिना वेगळ्या. सिस्टरनी वायरमनला बोलावलं, तो हात लावायला तयार होईना. पेटीच्या पाठीवर लिहिलं होतं, अधिकृत माणसाशिवाय कोणी उघडू नये, वायरीला हात लावू नये. इस्पितळानं तसं लिहून दिलं होतं. अधिकृत माणूस तुझ्या देशात होता.

आधी तुम्हा दोघांना एकदमच माझ्या छातीशी बांधलं. मी काटकुळी होते, दोघं मावेनात, एक जण सारखं घसरायचं. मग सिस्टरनी पाळ्या लावल्या. एक तास तू माझ्या अंगावर आणि ती गरम पाण्याच्या पिशव्यांमध्ये, मग एक तास ती आणि तू पिशव्यांमध्ये. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं आणि हाक मारायची, एवढंच माझं काम. दोन दिवस मी ते चोख केलं.

तिसऱ्या दुपारी तू अंगावर होतास. सिस्टर बाळंतपणाला गेल्या होत्या. ऊब दोघांचीच असते, तू माझ्या उबेनं गाढ झोपलास आणि तुझ्या उबेनं मी. जाग आली तेव्हा तिच्या पाळीची वेळ होऊन दोन तास गेले होते. पिशव्या गार झाल्या होत्या. मी तिला उचलून तुझ्या शेजारी धरलं, बराच वेळ धरलं. सिस्टर आल्या आणि त्यांनी तिला माझ्या हातातून काढून घेतलं.

मी आईला एकदाच म्हटलं होतं, "माझी पाळी चुकली." ती म्हणाली, "तू अकरा वर्षांची होतीस." त्यानंतर या घरात तो विषय निघाला तो काल.

म्हणून माणसाला माणूस पुरतो हे माझ्या नावावर विकू नकोस. मला विचार किती पुरतो. एका छातीवर एक मावतं, आणि तेही माणसाला झोप लागेपर्यंत.

एकोणिसाव्या वर्षी मी याच इस्पितळात नोकरीला लागले. ती पेटी तिथेच होती, आठ वर्षं, गादीवरचं प्लॅस्टिक तसंच. त्या आठ वर्षांत आपल्या माणसांनीही तिला हात लावला नाही, हेही लिहून घे, मी कोणाची बाजू झाकत नाही. पहिल्याच आठवड्यात मी चपट्या पिनांचा प्लग कापला आणि बाजारातला गोल पिनांचा बसवला. अकरा मिनिटं लागली. पेटी सुरू झाली आणि एकवीस वर्षं चालली. तिच्यातून किती बाळं घरी गेली ते मी मोजलेलं नाही, त्यांच्यातलीच एक आज माझ्या हाताखाली काम करते.

तुझा मोठा केलेला फोटो काढ. डावीकडून पहिली पेटी तीच आहे. वायर खाली लोंबतेय. जवळ जाऊन बघ, पिना गोल दिसतील. तिची काच आता तीन नंबरला आहे. आपली मदत इथे येऊन मरते म्हणालास. मेली तर ती त्या प्लगपाशी मेली होती, आणि मी तिला उठवली.

तुझा छापील कागद सोबत परत पाठवतेय. मजकुरावर काट मारली आहे आणि मागच्या कोऱ्या बाजूला वरचं सगळं नीट लिहून त्याखाली हे लिहिलंय: मदत कमी करू नका, वाढवा. यंत्र पाठवाल तर ते उघडायची मोकळीक पाठवा. दुरुस्त करणारा माणूस आधी, रंगरंगोटी नंतर. विचारून पाठवा. आभाराचं पत्र मागू नका, मला वेळ नसतो.

त्याखाली सही आहे. तुला माझी सही हवी होती ना? समितीपुढे वाच. सगळं वाच, अर्धं नको. अर्धं सांगून काय होतं ते मला कळलंय.

ताई


१२ जून, गुरुवार
दुरुस्ती विभाग (दारावरची पाटी काढली आहे, खोली आहे तिथेच आहे)

मुठ्या,

निकाल आम्हाला तुझ्या पत्राआधीच कळला. तेरा विरुद्ध अकरा, कपात मंजूर. दोनच दिवसांत, एक तारखेपासून दुरुस्ती विभाग बंद, आदेश आधीच तयार होता. मी म्हटलं होतं तसंच, पेट्यांना कोणी हात लावला नाही.

तुझ्या पत्रात आहे की तू तुझ्या जन्माची गोष्ट भाषणातून मागे घेतलीस, आणि माझा कागद सभासदसाहेबांनी वाचून "फार हृदयस्पर्शी आहे" म्हणत ड्रॉवरमध्ये ठेवला. ड्रॉवरला समिती म्हणत नाहीत. गोष्ट मागे घेतलीस हे चांगलं केलंस, पण ते मला पुरेसं नाही. दोन मतं इकडची तिकडे व्हायला हवी होती. तो कागद तू उभं राहून वाचला असतास तर झाली असती की नसती, हे आता आपल्या दोघांनाही कधी कळणार नाही. हे मी तुला कायम ऐकवणार आहे, तयारी ठेव.

पाहणीचे लोक येऊन गेले. खोली मी उघडून दाखवली, एकही वस्तू हलवली नव्हती. कार्यालयातल्या बाई सारखं घड्याळ बघत होत्या. पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, हे सगळं टाकून का देत नाही? मी त्यांना वॉर्डात नेलं आणि एकेक पेटी दाखवून सांगितलं की हिच्यात काय कुठून आलंय. जाताना त्यांनी टोपी काढली, ती मला की पेट्यांना ते माहीत नाही. समितीत त्यांना मत नव्हतं.

मी सकाळी बाजारात इस्त्र्या आणि पंखे दुरुस्त करते आणि दुपारी इथे येते. किल्ली मागायला दोनदा माणूस आला. मोठ्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं की मिस्त्रीबाई कुठे असतात मला ठाऊक नाही. तेव्हा मी त्यांच्याच खोलीतला पंखा खाली उतरवून बसले होते. मागची खोली रिकामी होणार नाही. पण हे तू कुठल्या भाषणात घालू नकोस, त्याग वगैरे म्हणून तर मुळीच नाही. एका बाईची दुपार हे काही धोरण नव्हे. मी त्रेपन्न वर्षांची आहे आणि मला अजूनही दुपारी झोप येते.

रविवारी तू आईला फोन केलास. मी दारात उभी होते. तू काय विचारलंस ते तिच्या उत्तरावरून कळलं. "ती," आई म्हणाली, "मोठी ती. तू तिच्यामागून आलास." फोन ठेवल्यावर तिनं मला चहा टाकायला सांगितलं आणि चहा होईपर्यंत ती रडली. मीही.

आणि काल तुझं पार्सल आलं. मतदानानंतर बारा दिवसांनी, म्हणजे वरातीमागून घोडं, पण आलं. बारा सेन्सर, अंगठ्याएवढे, कापसात गुंडाळलेले. सहा पेट्यांना दोन दोन. तू माझं पत्र शब्दन् शब्द वाचलंयस म्हणायचं.

पिना बसत नाहीत.

मी इतकी हसले की बाळांच्या वॉर्डातून सिस्टर बघायला आल्या. मग सगळ्यांची टोकं कापली आणि आमच्या पेट्यांची जोडली. पहिल्याला अकरा मिनिटं लागली, बाराव्याला चार. सगळे चालू आहेत.

कापसाखाली तुझी चिठ्ठी होती, "ताई, आणखी काय हवंय?" हे विचारणारा तुझ्या देशातला तू पहिला. यादी मागच्या पानावर आहे, पिनांच्या मापासकट. ती मला पाठवायची नाही, समितीत न्यायची. पुढचं मतदान पुढच्या वर्षी आहे ना? या खेपेला तू उभा राहा आणि तुझ्या जन्मापासूनच सुरुवात कर.

आणि तिथे कोणी विचारलं, भावंडं किती, तर सांग, आम्ही तिघं.

ताई